‘फ्लीबॅग’मधला फादर आणि व्रताची मनाई

निषिद्ध प्रेमाच्या बहुतेक कथांत मनाई बाहेरून येते. जात, धर्म, घराणे, पैसा यांपैकी काहीतरी आड येते आणि सहानुभूती आपसूक प्रेमिकांच्या पारड्यात पडते. ‘फ्लीबॅग’ या ब्रिटिश मालिकेच्या दुसऱ्या पर्वात (बीबीसी, २०१९) असा खलनायकच नाही. फीबी वॉलर-ब्रिजने लिहिलेली आणि स्वतःच साकारलेली निनावी नायिका एका कॅथलिक धर्मगुरूच्या प्रेमात पडते. अँड्र्यू स्कॉटने उभा केलेला हा फादरही तिच्यात गुंततो. आड येते ते त्याचे ब्रह्मचर्य, आणि ते त्याने स्वतः पत्करलेले आहे.

हे ब्रह्मचर्य कोणत्या प्रतीचे बंधन आहे, यावर बरेच अवलंबून आहे. कॅथलिक चर्चच्या लॅटिन परंपरेत तो श्रद्धेचा सिद्धांत नसून शिस्तीचा नियम आहे. दीक्षित धर्मगुरूने केलेला विवाह मुळातच अवैध, हे ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने ठरवले. १९८३ च्या धर्मसंहितेतही ब्रह्मचर्याचे बंधन कायम आहे. मात्र रोमशी एकनिष्ठ असलेल्या पौर्वात्य चर्चमध्ये विवाहित पुरुषांना दीक्षा मिळते. अँग्लिकन पंथातून आलेल्या काही विवाहितांनाही ती मिळाली आहे, त्यामुळे खुद्द इंग्लंडमध्ये बायकामुले असलेले कॅथलिक फादर आढळतात. दीक्षेनंतर लग्न मात्र कुठेच चालत नाही. त्यासाठी पोपकडून सूट घ्यावी लागते आणि धर्मगुरूचे काम सोडावे लागते.

नियम माणसांनी केलेला आणि बदलता येणारा असेल, तर तो मोडण्यात पाप कसले? तेराव्या शतकात कॅथलिक धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने याचा बारकाईने विचार केला होता. त्याच्या मते ब्रह्मचर्य हे धर्मगुरूच्या दीक्षेचे अंगभूत लक्षण नव्हे, चर्चने तिला जोडलेली अट आहे. म्हणून चर्च त्यातून मोकळीक देऊ शकते. पण मोकळीक मागून घेणे वेगळे आणि व्रत परस्पर मोडणे वेगळे. नियम माणसाचा असला तरी शब्द देवाला दिलेला असतो. म्हणजे फादरला वाट होती. ती त्याने धरली नाही, एवढाच शेवटी नायिकेला सोडून व्रताकडे परतण्याच्या त्याच्या निर्णयाचा अर्थ. त्याला कोणी अडवले असे म्हणता येत नाही.

चौथ्या भागातला पापनिवेदनाचा प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रात्रीची वेळ, रिकामे चर्च, फादरच्या हातात व्हिस्कीचा ग्लास. पडद्याआड बसलेली नायिका कबुली देते ती पापांपेक्षा थकव्याची: रोज काय घालावे, काय खावे, कशावर विश्वास ठेवावा, हे कोणीतरी सांगायला हवे आहे. तो तिला गुडघे टेकायला सांगतो आणि पुढच्याच क्षणी चुंबन घेतो. भिंतीवरचे चित्र धाडकन पडते, तेव्हा तो भानावर येतो. प्रेक्षक या प्रसंगावर लुब्ध असतात, पण मालिका येथे जरा स्वस्तात सुटते. आधार मागायला आलेल्या माणसाशी पापनिवेदनाच्या आडून लगट करणे हा चर्चच्या कायद्यात व्रतभंगाहूनही गंभीर गुन्हा आहे, आणि तो का गंभीर मानतात हे या दृश्यातच दिसते. जिने स्वतःचे निर्णय नुकतेच दुसऱ्यावर सोपवले, तिची संमती मोकळी कशी म्हणायची?

व्रत आणि संसार यांच्या ओढाताणीत मराठी वाचकाला आळंदीचे विठ्ठलपंत आठवतील. संन्यास घेतल्यावर गुरूच्या आज्ञेने ते रुक्मिणीबाईंकडे परतले. गुरूने मोकळे केले, समाजाने केले नाही. ‘संन्याशाची पोरे’ हा शिक्का ज्ञानदेवादी भावंडांवर बसला. पण तिथे पत्नीला दिलेला शब्द आधीचा होता आणि संन्यास नंतरचा, म्हणून परतण्याला नैतिक आधार होता. फादरच्या बाबतीत क्रम उलटा आहे. देवाचा हक्क आधीचा, प्रेम नंतरचे. डॅनिश तत्त्वज्ञ कीर्केगोरने १८४१ मध्ये रेगीने ओल्सनशी ठरलेले लग्न मोडले, तो प्रकार दोन्हींहून निराळा. तिथे कोणतेही व्रत नसताना त्याने स्वतःच त्याग ओढवून घेतला.

आधीचा शब्द पाळणे योग्य मानले, तरी नंतर गुंतवलेल्या माणसाचे देणे फिटत नाही. शेवटच्या भागात, नायिकेच्या वडिलांच्या लग्नानंतर, बसथांब्यावर ती प्रेम व्यक्त करते. हे निघून जाईल, असे तो समजावतो. जाता जाता आपलेही प्रेम असल्याचे सांगतो. हे सांत्वन सरळ नाही. आधीच्या रात्री दोघे एकत्र आले आहेत, म्हणजे व्रत मोडलेलेच आहे. तो आता जपतो आहे ते अखंड ब्रह्मचर्य नव्हे, पुन्हा व्रताकडे परतण्याची शक्यता. कॅथलिक धर्मविचारात पश्चात्ताप आणि पापनिवेदनाने ते दार उघडे राहते. त्याला क्षमा देणारा संस्कार आहे, तिच्या वाट्याला आलेल्या दुःखासाठी तसा कोणताच विधी नाही, आणि ही विषमता मालिका मांडते, पण त्याबद्दल फादरला जाब विचारत नाही.