ऊन कुणाच्या वाट्याला?

खेड्याचे निसर्गचित्र समोर आले की आपला निकाल तयार असतो. सोनेरी ऊन म्हणजे आनंद, दाटलेले ढग म्हणजे उदासी. पण ऊन नुसते किती आहे यावरून चित्राचा भाव कळत नाही. ते कुणावर पडले आहे आणि कुणाला टाळून गेले आहे, हेही पाहावे लागते.

झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराने १८५७ साली सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. हे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. मागे सुगी जोरात आहे: उंच गंजी, लादलेली गाडी, मजुरांची लगबग आणि उजवीकडे घोड्यावरचा मुकादम. त्या सगळ्यावर धुळीने भरलेले सोनेरी ऊन पसरले आहे. पुढे कापून रिकामे झालेले रान. तिथे पडलेल्या ओंब्या वेचण्याची मुभा गरिबांना असे. दोघी कमरेतून पार वाकल्या आहेत, त्यांची शरीरे क्षितिजाच्या वर जात नाहीत. तिसरी अर्धवट वाकलेली.

मावळतीची तिरीप या तिघींच्या माना, खांदे, पाठी आणि हात उजळते. चेहरे मात्र सावलीतच राहतात. कष्ट करणारे अंग दिसावे, ओळख दिसू नये, अशी ही योजना आहे. ऊन एकच, पण मागे ते समृद्धीचे आणि पुढे श्रमाचे. या दोन उजेडांमधल्या अंतरातून चित्राची अस्वस्थता जन्मते. तरीही या बायका केविलवाण्या वाटत नाहीत. त्याच तिरपेने त्यांना शिल्पासारखा भरीवपणा दिला आहे. नॉर्मंडीतल्या शेतकरी घरात वाढलेल्या मिलेला वाकलेल्या पाठीचे वजन ठाऊक होते.

फ्रान्समधल्या १८४८ च्या क्रांतीला तेव्हा दशकही उलटले नव्हते. पॅरिसच्या सलों या कलाप्रदर्शनात हे चित्र लागले, तेव्हा परंपरावादी समीक्षकांना त्यात गरिबांच्या बंडाची चाहूल लागली. ती त्यांच्या मनातली भीती होती हे खरे, पण तिला आधार चित्रातच होता.

प्रेक्षक आपला भाव चित्रात घालतोच, त्यात गैर काही नाही. मात्र त्या भावाला कॅनव्हासवर पुरावा हवा. म्हणून पुढच्या वेळी शेताचे चित्र पाहाल तेव्हा 'किती सुंदर ऊन!' म्हणून पुढे जाऊ नका. ते कुणाच्या वाट्याला आले आहे, एवढे जरूर तपासा.