तांब्याचे तोंड

चित्रकलेचे मास्तर रजेवर होते, म्हणून आठवीच्या वर्गावर मी गेलो. टेबलावर तांब्या ठेवला आणि म्हटले, काढा. तास निघावा एवढाच हेतू. मुले काढू लागली तसा मीही फळ्यावर काढू लागलो. पोट बरे जमले. तोंड मात्र गोल गरगरीत काढले आणि बूड सरळ रेषेने आखून टाकले. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, तोंड छतावरनं बघितल्यागत दिसतंय, आणि बूड जमिनीवरनं!" वर्ग हसला. मीही हसलो, पण पोराचे खरे होते. समोरून पाहता तोंड चपटे लंबगोल दिसत होते आणि बुडाची कडाही पुढे वळलेली होती. तांब्या मी पाहिलाच नव्हता. त्याचे तोंड गोल असते हे ठाऊक होते, ते काढले.

मास्तर परत आल्यावर म्हणाले, "कप काढताना कान काढू नका, कानातली पोकळी काढा, कान आपोआप येतो." पोकळीला नाव नसते, म्हणून तिच्याविषयी आधीपासून काही ठाऊकही नसते, ती पाहावीच लागते.

न पाहता ठाऊक असणे हा दोष मानावा काय? 1515 साली ड्यूररने न्यूरेंबर्गमध्ये गेंड्याचे चित्र केले. तो गेंडा गुजरातच्या सुलतानाने आल्बुकर्कला भेट दिलेला, आपल्या गोव्याहून लिस्बनला गेलेला. ड्यूररने तो कधी पाहिला नाही; एक वर्णन आणि एक कच्चे रेखाटन यांवरून त्याने अंगावर चिलखताचे पत्रे चढवले, खांद्यावर आणखी एक छोटे शिंग बसवले. युरोप पुढे दोनशेहून अधिक वर्षे तोच गेंडा खरा मानत राहिला. तरी ड्यूररला मी दोष देत नाही. गेंडा त्याच्यासमोर नव्हता.

माझ्यासमोर मुलगा उभा होता. पुष्कळ वर्षे झाली. शिक्षकांच्या खोलीत त्याच्याविषयी एकमत होते: उर्मट आहे, हाक मारली तर ओ देत नाही, बोलताना मान वाकडी करून उभा राहतो. त्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' या रकान्यात मी 'असमाधानकारक' लिहिले आणि सही केली. पुढे त्याची धाकटी बहीण शाळेत आली, तिच्याकडून कळले की त्याला डाव्या कानाने ऐकूच येत नव्हते. ती वाकडी मान उजवा कान पुढे करण्यासाठी होती. टेबलापलीकडून ती मला स्पष्ट दिसत होती. मी काढला तो उर्मटपणा.

शेकडो मुलांच्या शाळेत प्रत्येकाला असे न्याहाळत बसलो तर पहिली घंटासुद्धा वाजायची नाही, हे मी जाणतो. ठाऊक असण्यावरच आपला संसार चालतो, त्यात वावगेही नाही. पण जिथे सही करायची तिथे तरी आधी पाहायला हवे होते. ही सबब मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिली. त्या दाखल्यापाशी ती टिकत नाही.

दाखल्याची स्थळप्रत अजून दप्तरात आहे. त्या मुलाचा चेहरा आठवायला बसतो तेव्हा मान तेवढी आठवते.

मास्तरांच्या तासाला मी अधूनमधून मागच्या बाकावर जाऊन बसतो. तांब्याचे तोंड आता बरे येते. बूड अजून सरळ होऊ पाहते.