श्रेय कर्त्याचे की मैदानाचे?

यश मिळाले की माणूस स्वतःचे नाव पुढे करतो आणि अपयश आले की परिस्थितीचे. हा मनुष्यस्वभाव शासकीय सेवेच्या तीन तपांत आम्ही पुष्कळ पाहिला. खरे सांगावयाचे तर थोडाफार आचरलाही. या जुन्याच प्रश्नाकडे पुन्हा वळावयास आम्हांस भाग पाडले ते मात्र एका परक्या खेळाने.

निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत, डेन्व्हर शहरी, काही महिने राहण्याचा योग आला. नातवाने हट्टाने आम्हांला 'कूर्स फील्ड' या बेसबॉलच्या मैदानावर नेले. प्रेक्षागाराच्या वरच्या भागात हिरव्या खुर्च्यांमध्ये जांभळ्या खुर्च्यांची एकच रांग आहे. समुद्रसपाटीपासून एक मैल उंची कोठे येते ते ती दाखवते. नातू म्हणाला, "आजोबा, इथं बॉल लांब जातो. म्हणून इथल्या होमरनला लोक पूर्ण मार्क देत नाहीत."

कारण सरळ आहे. इतक्या उंचीवर हवा विरळ, म्हणून टोलवलेल्या चेंडूला अडथळा कमी. फेकलेला चेंडू हवेत वळतो तोही हवेच्याच आधाराने. तेव्हा गोलंदाजाचे एक शस्त्रही तेथे बोथट होते. १९९५ साली हे मैदान सुरू झाले तेव्हा कुंपण मुद्दाम दूर ठेवले होते. पण त्यामुळे मैदानातली मोकळी जागा वाढली आणि इतर फटक्यांना ती लाभली! पुढे २००२ पासून चेंडू दमट कोठीत ठेवू लागले. होमरन कमी झाले, तरी ते मैदान फटकेबाजांना अनुकूलच राहिले.

या मैदानावर लॅरी वॉकर नावाचा खेळाडू अनेक वर्षे खेळला. १९९७ साली त्याने ४९ होमरन मारले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात प्रवेश मिळावा म्हणून क्रीडालेखकांची मते घेतली जातात, तेव्हा त्याचे नाव वर्षानुवर्षे मागे पडत राहिले. 'डेन्व्हरच्या हवेचे यश' हा आक्षेप त्याच्या पाठीस लागला होता. अखेर २०२० मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या संधीला, तो निवडला गेला. आणि गंमत अशी की, त्या ४९ होमरनपैकी २९ त्याने परगावच्या मैदानांवर मारलेले होते. आकडे सर्वांसमोर होते. शंका मात्र त्यांहून बळकट होती.

दुसरा प्रकार प्रतिस्पर्ध्यांचा. तेथील संघ भौगोलिक गटांत विभागलेले असतात आणि गटात पहिला येणारा पुढच्या फेरीत जातो. १९९३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने १०३ सामने जिंकले, तरी तो घरी बसला. कारण त्याच्याच गटातील अटलांटाने १०४ जिंकले होते. शेजारच्या गटात फिलाडेल्फिया ९७ विजयांवर पुढे गेला. उलट २००६ साली सेंट लुईसचा संघ ८३ विजयांवर आपल्या दुबळ्या गटात पहिला आला. त्या वर्षी ८५ सामने जिंकणारा फिलाडेल्फिया बाहेर राहिला आणि सेंट लुईसने अंतिम मालिकाही जिंकली. पूर्ण लांबीच्या हंगामात इतक्या कमी विजयांवर कोणीही अजिंक्यपद मिळवलेले नाही.

मग ते अजिंक्यपद खोटे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. दुबळ्या गटाने दार उघडले. आत जाऊन ९५ सामने जिंकलेल्या डेट्रॉइटला हरवण्याचे काम खेळाडूंनाच करावे लागले. परंतु दार उघडे मिळणे ही त्यांची कर्तबगारी नव्हती, हेही तितकेच खरे.

हे ऐकताना आम्हांस आमचीच एक जुनी चूक आठवली. जिल्ह्यात असताना कनिष्ठांच्या सी. आर. लिहिण्याचे काम आमच्याकडे होते. एका अधिकाऱ्याकडे कालव्याच्या पाण्यावरचा सधन भाग होता, दुसऱ्याकडे डोंगराळ आणि कोरडवाहू. वसुलीचे आकडे पाहून आम्ही पहिल्याला 'उत्कृष्ट' लिहिले, दुसऱ्याला 'साधारण'. दुसरा बढतीत मागे पडला. त्याने टंचाईच्या दिवसांत गावोगाव पायी फिरून कामे उभी केली होती, हे आम्हांस ठाऊक होते. पण वसुलीच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. आम्ही मैदान पाहिलेच नाही. वॉकरच्या बाबतीत लेखकांनी मैदानच पाहिले, माणूस पाहिला नाही. दोन्ही चुका एकाच आळसातून होतात.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ बहुधा देह असा घेतात. आम्ही येथे साधेपणाने 'जेथे उभे राहून कर्म घडते ती जागा' एवढाच घेतो. कर्ता पाचांतील एक आहे. तो एकटा नाही, आणि वगळण्याजोगाही नाही.

आमचे पूर्वज होळकरांच्या आश्रयाने माळव्यात आले. घरात अक्षरओळख होती, दरबारी नोकरी होती, पुढच्या पिढ्यांना शाळा-कॉलेजे जवळ मिळाली. इंदुरातील कितीतरी मराठी घरांची कथा अशीच असेल. आपण अभ्यास केला, कष्ट केले, हे खरेच. पण हवा आपल्या बाजूची होती. म्हणून आम्हांस वाटते की, दुसऱ्याचे मोल करताना त्याच्या वाट्याला आलेली प्रतिकूलता आधी मोजावी आणि स्वतःचे करताना अनुकूलता. त्या अधिकाऱ्याची सी. आर. आता पुन्हा लिहिता येत नाही. निदान हे टिपण तरी त्याच्या नावाशिवाय, पण त्याची आठवण ठेवून लिहीत आहोत.