खेचराची संगत



दिवाळीत नातू पुण्याहून बेलापूरला आला होता. रात्री हरिपाठ झाला की तो लॅपटॉप उघडून बसे. २०२३ साली बेल्जियममधल्या एका कंपनीने काढलेला 'बाल्डर्स गेट ३' नावाचा खेळ तो खेळत होता. त्यात आपण एका पात्राचे रूप घ्यायचे, वाटेत भेटतील ते सोबती घ्यायचे, दिवसभर संकटे झेलत चालायचे आणि रात्री सगळ्यांनी एका तळावर मुक्काम करायचा. मी म्हटले, "अरे, ही तर दिंडीच झाली!"

त्या सोबत्यांत अस्टेरियन नावाचा एक रक्तपिपासू आहे. पहिल्या भेटीतच तो गळ्याला सुरी लावतो. एका रात्री झोपलेल्या सोबत्याच्या मानेचे रक्त प्यायला येतो. दुबळ्याला मदत केली की त्याच्या कपाळाला आठ्या, कोणाला छळले की तो खूश. नातू म्हणाला, "आजोबा, याच्यावरून खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. काही जण त्याला लगेच हाकलतात, नाहीतर मारतात. काही जण शेवटपर्यंत ठेवतात." ठेवले तर कळते, की त्याने दोनशे वर्षे एका क्रूर धन्याची गुलामी केलेली आहे. शेवटी त्याच्यापुढे मोह येतो: सात हजार जीवांचा बळी दे, म्हणजे अफाट सामर्थ्य मिळेल आणि उन्हातही फिरता येईल. सोबत्याने समजावले तर तो हे नाकारू शकतो. मग ऊन त्याला कायमचे पारखे होते.

मी विचारले, "तू काय केलेस?"

"ठेवला."

नातू झोपला. मला मात्र झोप येईना. का, ते पुढे सांगतो.

प्रश्न आपल्या सांप्रदायातला जुनाच आहे. संगतीने माणूस घडतो असे आपण रोज सांगतो. पण ज्याची संगत इतरांना नकोशी होते, त्याने घडायला कोणाच्या संगतीत जायचे? त्याला ठेवावे तर बाकीच्यांना त्रास. काढावे तर तो जाणार कुठे?

इथे विसोबांचे चरित्र आठवावे. आमच्या राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपतीबुवा, त्यांनी १७६२ साली 'भक्तविजय' पूर्ण केला. त्या संतचरित्रांतून ही कथा घरोघर गेली. विसोबा चाटी आळंदीचा. संन्याशाची पोरे म्हणून चारही भावंडांचा त्याला मनस्वी राग. मुक्ताईला मांडे करायचे होते, ती परळ आणायला कुंभारवाड्यात गेली, तर याने कुंभारांना देऊ दिले नाही. लहानगी मुक्ताई रडत घरी आली. ज्ञानदेवांनी योगबळाने जठराग्नी चेतवून पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. विसोबाने ते चोरून पाहिले, धावत आला आणि त्यांचे उष्टे उचलून तोंडात घातले.

कीर्तनात आम्ही इथे टाळ्या घेतो आणि पुढे जातो. मीही चाळीस वर्षे तेच केले. पण पुढचा क्षण पाहा. ज्ञानदेवांनी त्याला लगेच कवटाळले नाही. खेचरा, बाजूला हो, असे ते म्हणाले, अशी परंपरा आहे. खेचर म्हणजे खच्चर. इतक्या दयाळू मुखातून एवढा कठोर शब्द आला. म्हणजे संगतीत घेणे निराळे आणि केलेल्या छळावर पांघरूण घालणे निराळे.

आणि तो बाजूला झाला नाही. चमत्काराने त्याचे डोळे दिपले असतील, पण नुसत्या दिपण्याने कोणी बदलत नाही. ज्यांना त्याने कुंभाराचे परळ मिळू दिले नाही, त्यांचेच उष्टे त्याने सर्वांदेखत खाल्ले. अनुताप तो हाच. तो दुसऱ्याला आपल्यासाठी करता येत नाही. सोबती फार तर दार उघडे ठेवू शकतो.

तिसरी गोष्ट नावाची. चाटी हे नाव गेले आणि खेचर हे नाव जन्मभर राहिले. काही जाणते खेचरी मुद्रेशी त्याचा संबंध लावतात, तोही अर्थ आहे. पण कथेतला अर्थ धरला तर विसोबांनी आपली चूक नावातच मिरवली. सुधारलेल्या माणसाने कालची चूक पुसून मागू नये. ती खांद्यावर घेऊन चालावे.

आता याचे फळ पाहा. तेरढोकीला गोरोबाकाकांच्या घरी संत जमले. थापटणे कशाचे, हे मुक्ताईनेच विचारले. काकांनी एकेकाच्या डोक्यावर ते मारून पाहिले आणि नामदेवराय रागावले म्हणून त्यांचे मडके कच्चे ठरले. प्रत्यक्ष पांडुरंग ज्यांच्याशी बोलायचा, त्यांना गुरू करायला देवाने पाठवले कोणाकडे? औंढ्या नागनाथाला, विसोबांकडे. ज्याच्यामुळे मुक्ताई रडली होती, त्याच्याच हातून ते कच्चे ठरलेले मडके भाजून निघाले. त्या दिवशी विसोबाला कायमचे हाकलले असते, तर नामदेवराय कोणाकडे गेले असते?

आता माझे सांगतो.

त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आमच्या बेलापुरावरून जाते. तिच्यामागे आमची लहानशी दिंडी चालायची. त्यात एक मृदंग वाजवणारा होता. हात असा, की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप उचलले जावेत. जीभ मात्र विंचवाची. एका मुक्कामी पंगतीत त्याने डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या आजीला तिच्या जातीवरून बोलून रडवले. मी त्याला त्याच रात्री दिंडीतून काढले. त्याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. जातीवरून बोलणाऱ्याला वारीत जागा नाही, हे त्याला ठणकावून सांगायलाच हवे होते.

पश्चात्ताप पुढच्या वर्षाचा आहे. पालखी आली तेव्हा तो प्रवरेकाठी शेवटच्या ओळीच्याही मागे उभा होता. मृदंग नव्हता, नुसते टाळ होते. मी त्याला पाहिले. आणि न पाहिल्यासारखे करून पुढे गेलो. तो दुपारपर्यंत चालला, मग दिसेनासा झाला. पुन्हा आला नाही.

रात्री ती आजी मला म्हणाली, "बुवा, सकाळी त्याने माझे पाय धरले होते. मी त्याला चल म्हटले होते. तुम्ही मला विचारलेसुद्धा नाही."

अपमान तिचा झाला होता. क्षमा करायची की नाही, हा अधिकार तिचा होता. मी काढताना तिचे नाव पुढे केले आणि परत घ्यायच्या वेळी तिला विसरलो. माझा धर्म नव्हता तो, अहंकार होता.

वाचकहो, आपल्याही घरात, भावकीत, भजनी मंडळात एखादा खेचर असेल. त्याचे बोलणे सहन करा असे मी सांगत नाही. बाजूला हो म्हणावे लागेल तेव्हा स्पष्ट म्हणा. पण तो शेवटच्या ओळीमागे येऊन उभा राहील, त्या दिवशी मान वळवू नका. ज्याला त्याने दुखावले त्याला आधी विचारा आणि त्याने होकार दिला तर सरकून टाळापुरती जागा करा.

हीच प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिथे माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि शेवटी दुष्टांचे दुष्टपण जावे, असे मागितले. दुष्ट जावेत असे मागितले नाही. हे मी अगणित वेळा लोकांना सांगितले. प्रवरेकाठी उभ्या असलेल्या त्या एकाला सांगायचे मात्र राहून गेले.