उघडा राहिलेला हात

कोबीचं एक पान डोळ्यांसमोर आणा. कडेकडून आत सरकलेला पिवळा त्रिकोण, त्यातल्या शिरा काळ्या पडलेल्या. शेतकरी याला घाण्या रोग म्हणतात. त्या काळ्या शिरेपाशी जरा थांबा.

तिथे झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस हा जीवाणू आहे, आणि त्याच्याभोवती त्यानेच विणलेला बुळबुळीत थर. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲलिन जीन्स आणि सहकाऱ्यांनी या थराचा कसून अभ्यास केला. आज तो झॅन्थन गम म्हणून कितीतरी सॉसमध्ये असतो; लेबलवर ४१५ असा आकडा दिसेल. साखरांचीच माळ, पण जिभेला गोड लागत नाही.

या माळेत कोण कोणाला कुठून धरून आहे?

माळेतलं एक ग्लुकोज मनात धरा. त्याच्या कड्याला क्रमांक दिलेले हात आहेत. काही माळेत गुंतलेले, बाकी मोकळे. मोकळ्या हातांवर मिथिल या छोट्या रासायनिक गटाचे मोजे चढवायचे. सगळ्यांवर. एखादा सुटला की पुढचा हिशेबच चुकतो. मग आम्लात तापवून माळ तोडायची.

आता सुट्या साखरेकडे सावकाश पाहा. जो हात उघडा, तो शेजाऱ्याशी बांधलेला होता. बंध तुटून गेला, त्याची जागा मात्र सापडली. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

स्टॉकहोममध्ये यान्सन, केने आणि लिंडबर्ग यांनी याच युक्तीच्या आधारे १९७५ साली झॅन्थनची रचना मांडली. पहिला हात जोडणीचाच, तो सोडून द्या. काही ग्लुकोजचा फक्त चौथा हात उघडा, काहींचा तिसरासुद्धा. तिसऱ्यापाशी रेंगाळा. तिथे फांदी फुटते: मॅनोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल, पुन्हा मॅनोज. कणा कापसातल्या सेल्युलोजसारखा, त्यावर एकाआड एक ग्लुकोजला अशी फांदी. पाच साखरांचा हा नमुना पुन्हा पुन्हा येत राहतो.

आणखी एक. आतल्या मॅनोजवर ॲसिटिलचा चिमुकला गट असतो. मोजे चढवायला तीव्र अल्कली लागते, आणि तिच्यात तो गळून पडतो. मागे खूणही राहत नाही. त्याच्यासाठी न हाताळलेली माळ पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते, या वेळी अल्कली दूर ठेवून.