सात दशांशाची सरहद्द

नाशिकच्या महाविद्यालयांतून पदार्थविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला जे प्रयोग चुकत नाहीत, त्यांत डायोडच्या गुणवक्राचा, म्हणजे विद्युद्दाब चढवीत नेला असता त्यातून वाहणारा प्रवाह कसकसा बदलतो हे मोजण्याचा, प्रयोग सर्वांत सोपा गणला जातो. आणि सोपा म्हणूनच की काय, त्याचा निष्कर्ष पारखून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आलेखावरची रेषा बराच वेळ तळाशी सरपटत जाते व मग एकाएकी उभी राहते. त्या वळणावर पेन्सिलीची खूण होते आणि सिलिकॉनचा डायोड ०.७ व्होल्टला ‘सुरू होतो’ असा दाखला जर्नलात कायमचा रुजू होतो. ही सरहद्द निसर्गाची नसून आलेखाच्या कागदाची आहे, असे माझे म्हणणे आहे.

दाब आणि प्रवाह यांचे प्रमाण अढळ असते, हे ओहमने १८२७ साली मांडले, आणि त्या नियमाचा अंमल पुढे इतका निर्वेध चालला की कोणत्याही संवाहकाविषयी ‘याचा रोध किती?’ याहून निराळा प्रश्न संभवतो असे कोणाला वाटेनासे झाले. १८७४ साली फर्डिनंड ब्राउन या चोवीस वर्षांच्या जर्मन शास्त्रज्ञाने गॅलेनासारख्या गंधकयुक्त खनिजांवर धातूचे टोक टेकवून दाखवून दिले की येथे रोध प्रवाहाच्या दिशेवर आणि खुद्द प्रवाहाच्या परिमाणावरही अवलंबून असतो. ज्या वस्तूचा रोध दर मोजणीगणिक बदलतो तिच्याविषयी एक आकडा सांगून भागत नाही. तिचे सबंध वर्तनच नोंदवावे लागते.

ते नोंदविण्याचे काम शतक पालटण्याच्या सुमारास ज्यांनी निष्ठेने केले त्यांत कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील जगदीशचंद्र बोस अग्रभागी होते. स्पर्शबिंदूंवरील दाब टप्प्याटप्प्याने चढवून आणि उतरवून त्यांनी प्रवाहाचे वक्र काढले, आणि गॅलेनावर आधारलेल्या त्यांच्या तरंगशोधकाला, १९०१ साली केलेल्या अर्जावरून, १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. रेडिओचे जनकत्व कोणाचे या वादात आपल्याकडे बोसांची साक्ष वारंवार काढली जाते. परंतु कारणमीमांसेचा मागमूस नसताना केवळ वर्तनाचा विश्वासू तपशील जमा करण्याचे जे धैर्य त्यांनी दाखविले, ते मला त्या मानापेक्षा मोलाचे वाटते.

त्याच १९०४ साली फ्लेमिंगची निर्वात नळी आली आणि तिला त्याने ‘झडप’ म्हटले. माझ्या समजुतीने विचाराला खरे वळण लागले, आणि काहीसे आडवळणही, ते येथे. झडप म्हटली की ती उघडी किंवा मिटलेली. मग तिला उघडण्यापुरता किमान जोर हवा. आणि पाहता पाहता डायोड हा जकात नाका होऊन बसला, जेथे ठरावीक रक्कम भरल्यावाचून प्रवाहाला आत मुभा नाही.

पिढ्यानपिढ्या नाशिकचे विद्यार्थी ज्याच्या अभ्यासक्रमानुसार हा प्रयोग करीत आले ते पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले, आणि त्याच वर्षी शॉकलीने पी-एन जोडाची उपपत्ती प्रसिद्ध केली. तिच्यात नाका कोठेच नाही. आदर्श डायोडमध्ये नेहमीच्या तापमानाला दाबात सुमारे ६० मिलीव्होल्टची भर पडली की प्रवाह दसपट होतो. पुन्हा तितकीच भर, पुन्हा दसपट. हा क्रम अगदी खालपासून अखंड चाललेला असतो. आलेखाचा उभा अक्ष २० मिलीअँपिअरचा घेतला तर वळण सात दशांशाजवळ दिसते. तोच अक्ष २० मायक्रोअँपिअरचा करा, वळण चार-साडेचार दशांशांवर उतरते. आणि प्रवाहासाठी लॉगरिथमी कागद घेतला तर वळण नाहीसे होऊन सरळ रेषा उरते. प्रत्यक्षातल्या सिलिकॉन डायोडला मात्र दसपटीसाठी साठाऐवजी पुष्कळदा शंभराहून अधिक मिलीव्होल्ट लागतात. जोडाच्या पट्ट्यातच विद्युद्भार परस्परांत विलीन होतात म्हणून असे घडते, हा खुलासा सा, नॉइस आणि शॉकली यांनी १९५७ साली केला.

उलट दिशेची मोजणी तर विद्यार्थ्याच्या सचोटीचीच परीक्षा. येथे व्होल्टमीटर एकट्या डायोडला समांतर जोडला तर मायक्रोअँमीटर डायोडचा नव्हे, व्होल्टमीटरचाच प्रवाह इमानाने दाखवीत बसतो. म्हणून व्होल्टमीटर डायोड आणि मायक्रोअँमीटर या दोहोंना मिळून समांतर जोडावा लागतो. तसा तो जोडला की सिलिकॉनच्या बाबतीत काटा जागचा हलत नाही, कारण तो प्रवाह नॅनोअँपिअरच्या घरातला. आणि न हललेल्या काट्याची नोंद ‘शून्य’ अशी न करता ‘या मापकाच्या कक्षेबाहेर’ अशी करणारा विद्यार्थी विरळा. जर्मेनियमचा डायोड घेतला तर काटा हलतो. पण मग हवामानाचा हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेब नाशिकला विशेष ठळक आहे. ज्या जिल्ह्यात निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत गोठणबिंदूच्या आसपास जातो आणि एप्रिलच्या दुपारी चाळिशीला भिडतो, तेथे एकच डायोड दोन सत्रांत दोन निराळे वक्र देणार हे उघड आहे. प्रवाह तोच ठेवला तर दर अंशामागे दाब सुमारे २ मिलीव्होल्टने घटतो. म्हणजे बारा अंशांची सकाळ आणि सदतीस अंशांची दुपार यांत ५० मिलीव्होल्टचा फेर पडतो, आणि जर्मेनियमचा उलट प्रवाह तेवढ्याच अवधीत पाच-सहा पट होतो. शिवाय मोठा प्रवाह सोडून वाचन घेण्यास विलंब केला तर डायोड स्वतःच्याच उष्णतेने तापतो, आणि मोजणारा ज्या वस्तूचे मोजमाप घेत असतो ती मोजता मोजताच पालटते.

पण ज्याला आपण दोष म्हणून जर्नलाच्या ‘दक्षता’ या रकान्यात ढकलतो, त्याचेच पुढे साधन झाले. डायोडसारख्या जोडलेल्या ट्रान्झिस्टरमधून पाळीपाळीने दोन प्रवाह सोडावेत, एक दुसऱ्याच्या दसपट, आणि दोन्ही वेळच्या दाबांतील अंतर घ्यावे: त्या वजाबाकीत त्या विशिष्ट नगाचे आकारमान, घडण, लहरी, सारे गळून जाते, आणि ६० मिलीव्होल्टच्या आसपासचे जे अंतर उरते ते केवळ निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असते. आजच्या संगणकाची चिप आपला ताप पाहते ती याच रीतीने.