चौकटीतला आकडा

उरणच्या रस्त्यावर संध्याकाळी ट्रेलरची रांग लागली की समोर दिसतं ते फक्त कंटेनरचं मागचं दार. कितीतरी वर्षं मी त्या दारांचे नुसते रंग पाहत आलो. त्यांच्यावरचा नंबर वाचायला मला शिकवलं ते जासईजवळच्या एका मुलानं, त्याच्या घराच्या ओट्यावर बसून, गेल्या पावसाळ्यात.

तो बंदराच्या कामाशी जोडलेला अभ्यासक्रम शिकतो. काही दिवस वर्गात, काही दिवस यार्डात. जगातल्या कुठल्याही कंटेनरवर आधी चार अक्षरं असतात, मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एकटा सातवा आकडा. आधीचे दहा बरोबर उतरवलेत का, एवढंच तो सातवा सांगतो. त्यानं सरावाचा नंबर वहीवर लिहिला: सी, एस, क्यू, यू, ३०५४३८. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत आहे. सी म्हणजे १३, एस म्हणजे ३०. मग पहिल्याला एकनं गुणायचं, दुसऱ्याला दोननं, तिसऱ्याला चारनं, असं दुप्पट करत दहाव्याला ५१२ नं. बेरीज आली ६१८५. तिला अकरानं भागलं, बाकी उरली तीन. चौकटीतही तीनच हवा.

“पावसात, रात्रपाळीला, वॉकीटॉकीवर पाचाचा नऊ ऐकू येतो, काका,” तो म्हणाला. “एक आकडा चुकला की पेटी यार्डात असूनही सापडत नाही. ट्रेलर ताटकळतो, जहाजाची वेळ टळते.”

हे त्याला पुस्तकातही मिळालं असतं. पण पावसानं ओला झालेला कागद, टॉर्चच्या उजेडात अर्धवट पुसलेला आकडा आणि मागे हॉर्न वाजवणारा ड्रायव्हर, हे सगळं अंगावर घेऊन आल्यामुळे त्याच्या बोलण्यात कुठेही घाई नव्हती. हातानं शिकलेल्या माणसाला स्वतःच्या ज्ञानाचा एक शांत भरवसा असतो. तो मला फार मोलाचा वाटतो.

त्याहून मोलाचं मी नंतर पाहिलं. सातच्या सुमाराला पाच-सहा पोरं वह्या घेऊन ओट्यावर जमली, त्यात दोन मुली. कुणी बारावी झालेलं, कुणी कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं. यार्डात चेकरच्या कामासाठी गेलं तर काय विचारतात, सील कसं तपासायचं, कागदावरचा आणि पेटीवरचा नंबर कसा ताडून पाहायचा, हे तो त्यांना रोज तासभर सांगतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही, त्याचे गुणही मिळत नाहीत. पण मुलांच्या प्रश्नांनी त्याचीच उजळणी होते. एका मुलीनं विचारलं, “भागाकाराची बाकी दहा आली तर?” तो क्षणभर थांबला, हसला आणि म्हणाला, “मग चौकटीत शून्य. हे मी पण पहिल्यांदा चुकलो होतो.”

न्हावा-शेव्याच्या मातीत ही शिकवणी मला साधी वाटत नाही. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला याच परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क उभा राहिला. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. २०२३-२४ या एका वर्षात इथून चौसष्ट लाखांवर टीईयू एवढी कंटेनरची ये-जा झाली. टीईयू म्हणजे वीस फुटी पेटीचं माप. एवढं काम दाराशी असताना ते आपल्या पोरांना मिळावं, ही इथल्या घराघरातली मागणी आहे आणि ती रास्त आहे. हक्क मोर्चानं मिळतो. काम हातात आलं की ते टिकवायला कसब लागतं, आणि ते कसब या ओट्यावर एकमेकांना दिलं जातंय.

काम करत शिकण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहातली मुलं शेतात राबायची, स्वयंपाक करायची, बांधकामावर जायची आणि शिकायची. त्याच रयतचं वीर वाजेकर कॉलेज आज फुंड्याला, बंदराच्या शेजारी उभं आहे. दुसरं उदाहरण पाबळचं. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधनाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. तिथली मुलं वेल्डिंग शिकतात ती गावाला हवं असलेलं काम करून. फाटक नीट बसलं नाही तर मार्क कापले जात नाहीत, ते पुन्हा करून द्यावं लागतं. गिऱ्हाईक ओळखीचं असतं आणि उद्या बाजारात भेटणार असतं. परीक्षकापेक्षा ही नजर कडक, आणि मायेचीही.

ओट्यावरची वही मिटायची वेळ झाली तेव्हा आतून आजी बाहेर आली. लांबवर यार्डाचे दिवे लागले होते. उंच क्रेननं एक तांबडी पेटी उचलली आणि रचलेल्या पेट्यांवर अलगद ठेवली.

“त्या पेटीन काय हाय रं?” आजीनं विचारलं.

“ते कागदावर असतं, आजी. मला नंबर तेवढा कळतो.”

आजीनं दिव्यांकडे बोट केलं. “तितं आमचा आगर होता.”

मिठाच्या आगरावरूनच या माणसांना आगरी म्हणतात, हे मुलांना ठाऊक होतं. आगर नेमका कुठे होता, हे मात्र त्यांनी तेव्हाच ऐकलं असावं. दोन्ही मुली उठून आजीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. “कुठवर होता?” एकीनं विचारलं. आजी बोटानं बांध दाखवू लागली, आणि त्या मुलानं मिटलेली वही पुन्हा उघडली.